कोलायडरमध्ये सिद्धांताची परीक्षा कशी होते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालची उत्तरं मुख्यतः जिनिव्हाजवळ सर्नमध्ये असलेल्या लार्ज हेड्रॉन कोलायडरला, म्हणजे प्रोटॉनचे दोन झोत समोरासमोर आदळवणाऱ्या यंत्राला, धरून आहेत. पुढे त्याला एलएचसी म्हटलं आहे. जिथे जुन्या यंत्रांनी गोष्ट जास्त स्पष्ट होते, तिथे ती यंत्रंही आली आहेत.

सिद्धांत तपासायचा म्हणजे नेमकं काय मोजायचं?

मोजणी करायची. "अमुक कण आहे" एवढं सांगणारा सिद्धांत कोलायडरच्या फारसा उपयोगाचा नाही. तो कण किती वेळा तयार होईल आणि कशाकशात फुटेल, हे त्याने आकड्यांत सांगावं लागतं. स्टँडर्ड मॉडेल, म्हणजे मूलकणांचा आजचा मान्य सिद्धांत, ते सांगतं. १३ टीईव्ही ऊर्जेला (कणांची ऊर्जा आणि वस्तुमान मोजायची ही एककं: १ टीईव्ही म्हणजे १,००० जीईव्ही, १ जीईव्ही म्हणजे १,००० एमईव्ही) हिग्ज बोसॉन हा कण तयार होण्याचा क्रॉस सेक्शन, म्हणजे तसं घडण्याच्या शक्यतेचं माप, सुमारे ५५ पिकोबार्न येतो. दोन प्रोटॉन आदळून फुटण्याचा एकूण क्रॉस सेक्शन ८० मिलिबार्नच्या आसपास आहे (१ मिलिबार्न म्हणजे १ अब्ज पिकोबार्न). भागाकार केला की साधारण दीड अब्ज टकरींमागे एक हिग्ज मिळतो.

पुढचं गणित गुणाकाराचं आहे. अपेक्षित घटना म्हणजे क्रॉस सेक्शन गुणिले ल्युमिनॉसिटी (टकरींना एकूण किती संधी मिळाली याचं माप), गुणिले त्या मार्गाने फुटण्याचं प्रमाण, गुणिले डिटेक्टरने ती घटना पकडण्याची शक्यता. २०१५ ते २०१८ या काळात एलएचसीवरच्या ॲटलस आणि सीएमएस या दोन प्रयोगांना प्रत्येकी सुमारे १४० व्यस्त फेम्टोबार्न ल्युमिनॉसिटी मिळाली (१ पिकोबार्न म्हणजे १,००० फेम्टोबार्न). म्हणजे प्रत्येकी ७५ लाखांहून जास्त हिग्ज. पण चार इलेक्ट्रॉन किंवा म्युऑन (इलेक्ट्रॉनचे जड भाऊ) देणारे त्यांत हजाराच्या आतच, आणि निवडीची चाळणी पार करून हाती उरणारे दोनशेच्या आसपास. या गुणाकारातल्या प्रत्येक आकड्याला स्वतःची चूक असते. कोलायडरवरचं बहुतेक काम त्या चुका कमी करण्यात जातं. नवा कण शोधणं हा त्याचा छोटा भाग.

ल्युमिनॉसिटी कशी मोजतात? टकरी मोजल्या की झालं ना?

टकरी मोजायला क्रॉस सेक्शन लागतो आणि क्रॉस सेक्शन काढायला ल्युमिनॉसिटी. हे चक्र तोडण्यासाठी व्हॅन डर मीर पद्धत वापरतात. दोन्ही झोत एकमेकांवरून मुद्दाम थोडे थोडे सरकवायचे आणि प्रत्येक पायरीला टकरींचा दर कसा घसरतो ते नोंदवायचं. त्या आलेखाच्या रुंदीवरून झोतांची जाडी निघते, आणि झोतातले प्रोटॉन विद्युतप्रवाहावरून मोजलेले असतातच. या मार्गाने ॲटलसने २०१५–१८ च्या ल्युमिनॉसिटीतली अनिश्चितता ०.८३ टक्क्यांवर आणली. यापेक्षा जास्त चूक असती, तर एक टक्क्याच्या अचूकतेने क्रॉस सेक्शन मोजल्याचा कुठलाही दावा पोकळ ठरला असता.

प्रोटॉन टकरीपर्यंत पोचतात कसे?

सुरुवात हायड्रोजन वायूपासून होते. लिनॅक ४ हे सरळ यंत्र हायड्रोजनच्या ऋण आयनांना १६० एमईव्हीपर्यंत नेतं. बूस्टरमध्ये शिरताना त्यांचे इलेक्ट्रॉन काढून टाकतात. बूस्टर २ जीईव्ही, प्रोटॉन सिंक्रोट्रॉन २६ जीईव्ही आणि सुपर प्रोटॉन सिंक्रोट्रॉन ४५० जीईव्ही अशा पायऱ्या चढून प्रोटॉन २७ किलोमीटरच्या मुख्य कड्यात येतात. तिथे त्यांना ६.८ टीईव्हीपर्यंत नेलं जातं. तेव्हा त्यांचा वेग प्रकाशापेक्षा सेकंदाला फक्त ३ मीटरनी कमी असतो.

त्यांना वळवायला १,२३२ डायपोल चुंबक आहेत. एकेक सुमारे १५ मीटर लांब आणि ३५ टन वजनाचा. त्यांच्यातल्या नायोबियम-टायटॅनियमच्या तारा अतिप्रवाही हेलियमने १.९ केल्व्हिनवर ठेवतात. झोत अखंड धारेसारखा नसून पुंजक्यांचा असतो: मूळ आराखड्यात २,८०८ पुंजके, प्रत्येकात सुमारे ११५ अब्ज प्रोटॉन, आणि लागोपाठच्या दोन पुंजक्यांमध्ये २५ नॅनोसेकंद.

आराखडा ७ टीईव्हीचा होता ना? मग ६.८ वरच का थांबले?

चुंबकांना "शिकवावं" लागतं. प्रवाह वाढवत नेला की वेटोळ्यातली एखादी तार केसभर सरकते, घर्षणाची उष्णता तयार होते, तेवढा भाग अतिसंवाहक राहत नाही आणि चुंबक क्वेंच होतो. पुन्हा थंड करून प्रवाह वाढवला की तो आधीपेक्षा थोडा पुढे जातो. हजारावर चुंबकांची अशी तालीम घ्यायला महिने लागतात आणि दर क्वेंचला चुंबकाला ताण बसतो. शेवटच्या तीन टक्क्यांसाठी एवढी किंमत मोजायची का, याचं उत्तर आजवर "नको" असंच आलं आहे, आणि ते शहाणपणाचं आहे.

दोन झोतांची मिळून १३.६ टीईव्ही ऊर्जा आहे, तर तेवढ्या वस्तुमानाचा कण तयार व्हायला हवा. का होत नाही?

कारण आदळतात ते प्रोटॉनच्या आतले क्वार्क आणि ग्लुऑन. प्रोटॉनची ऊर्जा त्यांच्यात वाटलेली असते, आणि वाटपही दर टकरीत वेगळं. एकाच क्वार्ककडे जवळजवळ सगळी ऊर्जा असण्याची शक्यता नगण्य आहे. म्हणून प्रत्यक्ष टकरीत बहुधा एकूण ऊर्जेचा लहानसा वाटाच कामी येतो. हे वाटप सिद्धांतातून थेट काढता येत नाही, मोजावं लागतं. त्याची बरीचशी मोजमापं हॅम्बुर्गच्या हेरा या यंत्रावर १९९२ ते २००७ या काळात इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन आदळवून झाली.

मग इलेक्ट्रॉनच का नाही आदळवत? त्यांच्या आत काही नसतं.

आदळवले आहेत, याच बोगद्यात. १९८९ ते २००० या काळात इथे लेप हे यंत्र होतं. अडचण अशी की हलका कण वळताना प्रचंड किरणोत्सर्जन करतो. १०० जीईव्हीचा इलेक्ट्रॉन त्या कड्यात दर फेरीला सुमारे ३ जीईव्ही गमावतो. ऊर्जा दुप्पट केली की हा तोटा सोळापट होतो.

पण नेमकेपणात लेपला तोड नव्हती. झेड बोसॉन या जड कणाच्या आलेखातल्या शिखराची रुंदी मोजून लेपने हलके न्यूट्रिनो तीनच प्रकारचे आहेत हे ठरवलं. मोजलेला आकडा २.९८४, अनिश्चितता ०.००८. न दिसणाऱ्या कणांची ही शिरगणती आजही कोलायडरच्या सर्वांत देखण्या निकालांपैकी एक आहे.

एवढ्या नेमकेपणाला भलत्याच गोष्टी आड येतात. चंद्रामुळे जमिनीलाही भरती येते आणि २७ किलोमीटरचं कडं साधारण १ मिलिमीटरने ताणलं जातं. एवढ्यानेही झोताची ऊर्जा बदलताना दिसली. नंतर चुंबकांमध्ये आणखी एक गोंगाट सापडला, जो रात्री थांबायचा. जवळच्या लोहमार्गावरच्या विजेच्या गाड्यांचा प्रवाह जमिनीतून झिरपून झोताच्या नळीत येत होता.

डिटेक्टरमध्ये हिग्ज दिसतो का?

नाही. तो साधारण १०⁻²² सेकंदात फुटतो. दिसतात ते त्याचे तुकडे. सीएमएसमध्ये आतून बाहेर जाताना आधी सिलिकॉनचा ट्रॅकर लागतो, तो विद्युतभारित कणांची वाट दाखवतो. मग शिसं-टंगस्टेटचे ७५,८४८ स्फटिक येतात, ते इलेक्ट्रॉन आणि फोटॉनची ऊर्जा शोषतात. त्यानंतर पितळ आणि सिंटिलेटरचा (कण गेला की चमकणाऱ्या पदार्थाचा) हेड्रॉन कॅलोरिमीटर, तो हेड्रॉनची, म्हणजे प्रोटॉनसारख्या क्वार्कच्या बनलेल्या कणांची, ऊर्जा मोजतो. (त्यातलं काही पितळ रशियन नौदलाच्या जुन्या तोफगोळ्यांच्या आवरणांतून आलं आहे.) या सगळ्याभोवती ३.८ टेस्लाचं चुंबकीय वेटोळं आणि सर्वांत बाहेर म्युऑन पकडणारे थर. न्यूट्रिनो मागमूस न ठेवता निघून जातो. झोताच्या आडव्या दिशेत संवेगाची बेरीज शून्य आली नाही की त्याचा संशय घ्यायचा. पण एखादा स्फटिक बिघडलेला असला तरी बेरीज अशीच चुकते. म्हणून "हरवलेला संवेग" दिसला की पहिला प्रश्न असतो, डिटेक्टर नीट चालला होता का?

सगळ्या टकरी साठवून का ठेवत नाहीत?

पुंजके सेकंदाला तीन-चार कोटी वेळा एकमेकांतून जातात, आणि अलीकडच्या वर्षांत दर वेळी एकदम पन्नासेक टकरी होतात. एवढा डेटा लिहून ठेवणारी यंत्रणा जगात नाही. कोणत्या घटना ठेवायच्या हे तिथल्या तिथे ठरवणाऱ्या यंत्रणेला ट्रिगर म्हणतात. त्याचा पहिला टप्पा इलेक्ट्रॉनिक्समध्येच असतो. सीएमएसमध्ये तो ४ मायक्रोसेकंदांच्या आत ठेवायचं की टाकायचं ठरवतो आणि सेकंदाला सुमारे १ लाख घटना पुढे पाठवतो. दुसरा टप्पा संगणकांचा. तिथून काही हजार उरतात.

इथे टाकलेली घटना कायमची गेली. म्हणून ट्रिगर हाच खरं तर पहिला सिद्धांत आहे: काय रोचक असू शकतं याबद्दलचं आपलं मत त्यात बसवलेलं असतं. एखादा जड कण संथ चालत असेल किंवा मीटरभर दूर जाऊन फुटत असेल, तर नेहमीचा ट्रिगर त्याला कचरा समजेल. त्यासाठी वेगळे ट्रिगर लिहावे लागतात आणि मोजक्या जागेत त्यांचा वाटा भांडून घ्यावा लागतो.

चार लेप्टॉनमधला (इलेक्ट्रॉन किंवा म्युऑनमधला) हिग्ज कसा शोधतात, पायरीपायरीने सांगाल?

चार वेगळे पडलेले इलेक्ट्रॉन किंवा म्युऑन असलेल्या घटना घ्यायच्या. ते सगळे एकाच टक्करबिंदूतून निघालेत का ते पाहायचं, कारण पन्नास टकरींच्या गर्दीत दोन इकडचे, दोन तिकडचे अशी भेसळ होते. विरुद्ध भाराच्या, एकाच जातीच्या जोड्या लावायच्या. एका जोडीचं वस्तुमान झेडच्या ९१ जीईव्हीजवळ यायला हवं. दुसरी बहुधा हलकी असते, कारण १२५ जीईव्हीत दोन पूर्ण झेड बसत नाहीत. मग चौघांचं मिळून वस्तुमान काढून हिस्टोग्राम भरायचा. १२५ जवळ ढिगारा दिसतो.

बाकी भाग पार्श्वभूमीचा, म्हणजे हिग्जशिवायही तशाच दिसणाऱ्या घटनांचा. दोन खऱ्या झेडमधून येणारे चार लेप्टॉन सिम्युलेशनने काढतात आणि आलेखाच्या हिग्ज नसलेल्या भागात ते डेटाशी जुळतात का ते पाहतात. जेटमधला (क्वार्क किंवा ग्लुऑनपासून निघणाऱ्या कणांच्या फवाऱ्यातला) पायॉन हा हेड्रॉन इलेक्ट्रॉनसारखा दिसला, अशा खोट्या लेप्टॉनसाठी सिम्युलेशनवर विसंबत नाहीत. निवडीच्या अटी मुद्दाम ढिल्या करून खोट्यांनी भरलेला नमुना घेतात आणि त्यावरून खऱ्या निवडीत किती शिरले असतील याचा अंदाज बांधतात. लेप्टॉन ओळखण्याची कार्यक्षमता झेडवरून मोजतात: जोडीतल्या एका म्युऑनची कडक तपासणी करायची आणि दुसऱ्याला डिटेक्टरने ओळखलं का ते पाहायचं. १२५ जवळची खिडकी हे सगळं पक्कं होईपर्यंत झाकलेली असते. आधी उघडली तर अटी नकळत हव्या त्या उत्तराकडे झुकतात.

याच मार्गाने आणि दोन फोटॉनच्या मार्गाने ४ जुलै २०१२ रोजी दोन्ही प्रयोगांनी शोध जाहीर केला.

५ सिग्मा म्हणजे ९९.९९९९७ टक्के खात्री, बरोबर?

नाही, आणि ही चूक वर्तमानपत्रांत सर्वांत जास्त होते. ५ सिग्मा म्हणजे नवं काहीच नसताना, केवळ पार्श्वभूमीच्या चढउतारामुळे, एवढा किंवा याहून मोठा फुगवटा दिसण्याची शक्यता सुमारे ३५ लाखांत एक. सिद्धांत खरा असण्याची शक्यता त्यातून मिळत नाही.

एवढी कडक अट कशासाठी? एक तर शेकडो आलेखांत हजारो ठिकाणी फुगवटे शोधले की एखाद्या जागी ३ सिग्मा आपोआपच दिसतो. डिसेंबर २०१५ मध्ये दोन फोटॉनच्या आलेखात ७५० जीईव्हीजवळ फुगवटा आला. त्या एकाच जागी पाहिलं तर ॲटलसमध्ये तो साडेतीन सिग्माच्या वर होता. कुठेही दिसू शकला असता हे धरलं तर २ च्या आसपास. त्यावर शेकडो सैद्धांतिक लेख आले. ऑगस्ट २०१६ मध्ये जास्त डेटा आला आणि फुगवटा विरला. कुणाची चूक नव्हती, नशिबाचा फासा तसा पडला होता.

दुसरं कारण जास्त गंभीर आहे. सिग्मा फक्त माहीत असलेल्या चुका धरतो.

माहीत नसलेल्या चुकीचं उदाहरण?

एलएचसीवरच्याच एलएचसीबी प्रयोगातलं आरके हे गुणोत्तर. बी मेसॉन हा कण फुटून केऑन या हलक्या कणासोबत म्युऑनची जोडी किती वेळा येते आणि इलेक्ट्रॉनची किती वेळा, याचं प्रमाण स्टँडर्ड मॉडेलनुसार जवळजवळ १ हवं. २०२१ मध्ये ते ०.८४६ आलं, ३.१ सिग्माने कमी. डिसेंबर २०२२ मध्ये नव्याने विश्लेषण झालं आणि आकडा १ शी जुळला. काही हेड्रॉन इलेक्ट्रॉन म्हणून मोजले जात होते आणि ही भेसळ आधी पुरेशी धरली गेली नव्हती. इलेक्ट्रॉन डिटेक्टरमध्ये वाटेत फोटॉन टाकत जातो, म्हणून त्याची ओळख म्युऑनइतकी स्वच्छ नसते. चूक त्याच प्रयोगाने शोधली आणि छापली.

डब्ल्यू बोसॉन या कणाच्या वस्तुमानाचा वाद मिटला का?

२०२२ मध्ये शिकागोजवळच्या फर्मीलॅबमधल्या सीडीएफ प्रयोगाने ८०,४३३.५ एमईव्ही हा आकडा दिला, अनिश्चितता ९.४. टेव्हाट्रॉन हे त्यांचं यंत्र २०११ मध्येच बंद झालेलं. विश्लेषणाला दहा वर्षं लागली. स्टँडर्ड मॉडेलचा अंदाज ८०,३५७ च्या आसपास, म्हणजे फरक ७ सिग्माचा. सप्टेंबर २०२४ मध्ये सीएमएसने ८०,३६०.२ असा आकडा दिला, अनिश्चितता ९.९. ॲटलसचा आकडाही मॉडेलच्याच बाजूला आहे.

हे मोजणं इतकं अवघड का? डब्ल्यू फुटून म्युऑन आणि न्यूट्रिनो येतात, आणि न्यूट्रिनो निसटतो. मग म्युऑनच्या आडव्या संवेगाच्या आलेखाच्या आकारावरून वस्तुमान काढावं लागतं. आठ हजारांत एक भाग अचूकता हवी, तर चुंबकीय क्षेत्र, ट्रॅकरमधल्या पत्र्यांची जाडी आणि सेन्सरांच्या जागा त्याहून नेमक्या माहीत हव्यात. त्यासाठी सीएमएसने वस्तुमान नेमकं माहीत असलेल्या जे-साय कणाचे म्युऑन मोजपट्टी म्हणून वापरले. ७ सिग्माचा निकालही दुसऱ्या प्रयोगाने दुजोरा दिल्याशिवाय मॉडेल पाडू शकत नाही, हे इथे दिसतं. सीडीएफचा आकडा वेगळा का आला, याचं सर्वमान्य उत्तर मात्र अजून मिळालेलं नाही.

यंत्र बंद कशाने पडतं?

सर्वांत मोठा अपघात १९ सप्टेंबर २००८ चा, यंत्र सुरू झाल्यावर नऊच दिवसांनी. दोन चुंबकांमधला विजेचा एक सांधा सदोष होता. प्रवाह वाढवताना तिथे ठिणगी उडाली, हेलियमची टाकी फुटली, टनावारी हेलियम बोगद्यात पसरलं आणि दाबाने चुंबक जागचे हलले. ५३ चुंबक बाहेर काढावे लागले. झोत नोव्हेंबर २००९ मध्ये परतला, आणि सगळे सांधे पक्के करेपर्यंत यंत्र निम्म्याच्या आसपास ऊर्जेवर चालवलं गेलं.

बाकी कारणं किरकोळ वाटतात, पण वेळ तीही खातात. नळीतला धुळीचा कण झोतात पडतो. २०१७ मध्ये एका ठिकाणी नळीत शिरलेली हवा गोठून बसली आणि झोत वारंवार टाकून द्यावा लागला. एप्रिल २०१६ मध्ये मुंगसाएवढा एक प्राणी ६६ किलोव्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरवर चढला. झोत टाकणं हेही साधं काम नाही: पूर्ण ऊर्जेला एका झोतात साडेतीनशे मेगाज्यूलच्या आसपास ऊर्जा असते. ती एकाच फेरीत, म्हणजे मिलिसेकंदाच्या एक दशांशाहून कमी वेळात, ग्राफाइटच्या ठोकळ्यात पसरवून जिरवतात.

काहीच नवं सापडलं नाही तर पैसा वाया?

नाही, काय नाही हेही मोजून कळतं. सुपरसिमेट्री या सिद्धांतात प्रत्येक कणाला एक जोडीदार असतो. त्यातला ग्लुइनो, म्हणजे ग्लुऑनचा जोडीदार, घ्या. सोप्या गृहीतकांखाली २ टीईव्हीपर्यंतचा ग्लुइनो आता वगळला गेला आहे. "सोप्या गृहीतकांखाली" हे शब्द विसरू नका. त्याच्यापासून होणाऱ्या कणांची वस्तुमानं एकमेकांच्या फार जवळ असतील, तर हरवलेला संवेग लहान राहतो आणि मर्यादा खूप खाली येते. "सुपरसिमेट्री संपली" ही बातमीही चूक आणि "अजून कोपऱ्यात लपली असेल" हे कायमचं आश्वासनही तितकंच संशयास्पद.

कृष्णविवर तयार होऊन पृथ्वी गिळेल का?

नाही. वैश्विक किरण याहून जास्त ऊर्जेने कोट्यवधी वर्षं पृथ्वीवर, चंद्रावर आणि ताऱ्यांवर आदळत आहेत, आणि ते सगळे शाबूत आहेत.

यात भारताचा आणि महाराष्ट्राचा वाटा काय?

सीएमएसच्या चुंबकीय वेटोळ्याच्या आत मध्यभागी हेड्रॉन कॅलोरिमीटरला जागा अपुरी पडली. जोरदार जेटची शेपटी बाहेर गळते. ती पकडणारा सिंटिलेटरचा बाहेरचा थर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने चंदीगडच्या पंजाब विद्यापीठासोबत उभा केला. सीएमएसचा डेटा साठवून त्यावर काम करणारं एक केंद्रही याच संस्थेत, कुलाब्यात आहे. १९९५ मध्ये टॉप क्वार्क शोधणाऱ्या डी-झीरो प्रयोगातही ही संस्था होती. पुण्याची आयसर सीएमएसमध्ये आहे. चुंबक ज्यांच्यावर मिलिमीटरच्या अंशात समतल करतात ते सुमारे ७ हजार जॅक इंदूरच्या राजा रामण्णा केंद्रामार्फत भारतातून गेले. सर्नच्या सहयोगी सदस्यत्वाचा करार नोव्हेंबर २०१६ मध्ये मुंबईत झाला आणि जानेवारी २०१७ पासून तो लागू आहे.

घरी बसून खरा डेटा पाहता येतो का?

येतो. सर्नच्या ओपन डेटा पोर्टलवर सीएमएसने २०१४ पासून डेटा खुला केला आहे. ॲटलसचा १३ टीईव्हीचा संशोधनयोग्य डेटा २०२४ मध्ये आला. पायथॉन आणि अपरूट ही लायब्ररी असली की साध्या लॅपटॉपवर सुरुवात होते. थेट हिग्जच्या मागे लागू नका. दोन म्युऑनच्या घटना घ्या, विरुद्ध भाराच्या जोड्या निवडा आणि वस्तुमान काढा: वस्तुमानाचा वर्ग म्हणजे २ गुणिले दोघांचे आडवे संवेग, गुणिले (इटाच्या फरकाचा कॉश वजा फायच्या फरकाचा कोसाइन). इटा आणि फाय म्हणजे कणाची दिशा सांगणारे दोन आकडे. आलेखाचा आडवा अक्ष लॉगमध्ये ठेवला तर जे-साय ३.१, अप्सिलॉन ९.४६ आणि झेड ९१.२ जीईव्हीवर उभे दिसतील.

नवशिक्यांच्या चुका ठरलेल्या आहेत. डिटेक्टर ठीक चालल्याची खात्री असलेल्या रन्सची (डेटा घेण्याच्या सत्रांची) यादी लावायची राहते. एकच घटना दोन डेटासंचांत असते आणि दुप्पट मोजली जाते. ट्रिगर दहातली एकच घटना ठेवत होता हे न पाहता क्रॉस सेक्शन काढला जातो आणि उत्तर दहापट कमी येतं. झेडचं शिखर ९१ ऐवजी ४५ वर दिसलं, तर तुम्ही बहुधा दोनऐवजी एकाच म्युऑनचा संवेग रेखाटला आहे.